उपकेंद्र बांधलं, पण सिस्टर कुठाय? गरीब देशांतली आरोग्यसेवा आणि आपलं खोरं

कोयनेची_लेक (पाटण)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई २००७ पासनं आमच्या गावात आशा, म्हणजे सरकारी योजनेतली गावचीच आरोग्य कार्यकर्ती आहे. गाव म्हणजे चार वाड्या, एकीतनं दुसरीत जायचं तर मधी ओढा आणि चढ, पावसाळ्यात ओढा भरला की तासाभराचा वळसा. मी पुण्यात शिकले आणि आता एका संस्थेत आरोग्याच्याच कामात आहे. दिवसभर इथिओपिया, नेपाळ, मलावी, युगांडा असल्या देशांतल्या खेड्यांतलं काम वाचायचं आणि त्यावर टिपणं काढायची. म्हणजे घरी आई जे पायानं करते तेच मी ऑफिसात कागदावर बघते.

मागच्या महिन्यात घरच्या लग्नात पंगतीला विषय निघाला. एक पाहुणे म्हणाले, "आफ्रिकेतल्या गरीब देशांचं काय एवढं अवघड आहे, जिल्ह्याला एकेक मोठं हॉस्पिटल बांधून द्या, मशिनी द्या, सुटला प्रश्न." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं नीट बोलता आलं नाही. माझं म्हणणं असं की आधी माणूस लागतो. चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा, ओळखीचा, नीट शिकवलेला, पिशवीत गरजेच्या चार वस्तू असलेला आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा. इमारत त्याच्या मागनं येऊ दे.

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते. वरच्या वाडीतली एक सून बाळंत झाली, दवाखान्यातच झाली, बाळ जन्मताना २ किलो १०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आई त्याच संध्याकाळी पावसात वर गेली, मी सुट्टीला आले होते म्हणून बरोबर गेले. आईनं आधी हात साबणानं धुतले, मग आढ्याच्या दोरीला काटा अडकवला, खाली कापडाची झोळी, त्यात बाळ. काटा १ किलो ९०० वर थांबला. मग बाळाच्या पोटावर हात, मग तळपायावर. पोट गरम आणि पाय गार. मग मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजले, पूर्ण मिनिट, अर्धं मोजून दुप्पट करायचं नसतं कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. ५२ भरले. ६० किंवा वर गेले असते तर त्याच रात्री गाडी बोलवावी लागली असती. घरातली म्हातारी चुलीवर पाणी ठेवून बसली होती, बाळाला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा म्हणून. आईनं अंघोळ थांबवली. बाळाचं अंगडं काढून नुसत्या टोपड्या-मोज्यांवर त्याला त्या पोरीच्या उघड्या छातीशी लावलं, वरनं जुन्या सुती साडीनं दोघांना बांधलं, आणि म्हातारीला समजावलं की आत्या, शेकापेक्षा ही ऊब चांगली. पुढचे आठ दिवस आई रोज जात होती. चौदाव्या दिवशी काट्यावर २ किलो १५० आले तेव्हा म्हातारीनं आईला हातावर साखर दिली.

आता ह्यात मशीन कुठलं होतं? हे छातीशी धरून ऊब द्यायचं सुरू झालं १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका हॉस्पिटलात, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून. आणि घरी जाऊन तान्ह्या बाळाला तपासायचं हे आपल्याच महाराष्ट्रातनं गेलं, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, पलीकडची ४७ गावं तुलनेला होती, आणि तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ ला ते छापून आलं, २०११ पासून देशभरच्या आशांना तेच काम दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की घरी सहा भेटी, ४२ व्या दिवसापर्यंत. ह्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की मिळतात २५० रुपये. ह्यावर मी खाली बोलेनच.

तर प्रश्न असा, एखाद्या गरीब देशाला किंवा आपल्याच एखाद्या तालुक्याला आरोग्य सुधारायचं असेल तर आधी काय? इमारत, औषध का माणूस? ज्यांनी जवळनं बघितलंय त्यांनी लिहा.

कऱ्हाडचा_पश्या

ताई लई भारी लिहिलंय. आमच्या शेजारच्या गावात उपकेंद्र आहे, फरशी, टाकी, कंपाऊंड सगळं झकास आणि दाराला कुलूप. सिस्टरकडं दोन उपकेंद्रांचा चार्ज आहे म्हणे. धाग्याचं नावच पुरं आहे. वाचतोय.

मिरजवाला_मलावीत

मी मिरजेचा, बायोमेडिकल इंजिनिअर, सहा वर्षं झाली मलावीत आहे, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणं हेच काम. मिरजेत लहानाचा मोठा झालो, अर्ध्या कर्नाटकातनं पेशंट येतात तिथं, त्यामुळे मला पण आधी वाटायचं की हॉस्पिटल म्हणजे आरोग्य. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका जिल्हा हॉस्पिटलच्या मागची खोली उघडून दाखवली. छतापर्यंत यंत्रं. सगळी दान आलेली. कुणी ११० व्होल्टची पाठवली, इथं २३० व्होल्ट, लावल्या लावल्या जळाली. कुणाची मॅन्युअलं अशा भाषेत की इथं कुणालाच वाचता येत नाहीत. एका रक्ततपासणीच्या मशीनला फक्त त्याच कंपनीचं केमिकल चालतं आणि ते ह्या देशात मिळतच नाही. ही एकट्या मलावीची गोष्ट नव्हे, २०११ साली छापलेल्या एका पाहणीत १६ गरीब देशांतली लाखाच्या वर यंत्रं मोजली होती, त्यातली ३८ टक्के बंद होती.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं सांगतो, कोरोनात आपण सगळ्यांनी ते नाव ऐकलंय. त्याच्या आत झिओलाईट नावाचे दाणे असतात, हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि उरलेला ऑक्सिजन पुढं जातो. बाहेरच्या बाजूला एक स्पंजची जाळी असते, आठवड्याला धुवायची, वाळवायची, परत लावायची, एवढंच. ती धुतली नाही तर लाल धूळ बसते, मशीन तापतं, दमट हवा आत जाऊन दाणे खराब होतात. आणि वाईट काय तर ते बाहेरनं कळत नाही! मीटरमधली गोळी ५ लिटरवरच तरंगत असते, नर्सला वाटतं चालू आहे, आणि मी नळीला मीटर लावून बघतो तर ऑक्सिजन ९० च्या वर पाहिजे तिथं ६० टक्के. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला निमोनियाचं बाळ असतं. पहिल्यांदा हे बघितलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी काय केलं, वॉर्डात झाडूपोछा करणारी एक मावशी होती, तिला मी जाळी धुवायला शिकवलं, सोमवार ठरवून दिला, भिंतीवर वही टांगली. आता त्या वॉर्डातली चारही मशीनं चालू आहेत. म्हणून ताईंशी मी सहमत, आधी माणूस. पण माझी जोड अशी की यंत्र पण पाहिजेच, फक्त तिथल्या माणसाला सांभाळता येईल असं. इथल्या ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी तान्ह्या बाळांसाठी श्वासाचं एक यंत्र करून आणलं, आत माशांच्या टाकीला वापरतात तसले पंप, आणि हवेचा दाब किती ठेवायचा ते नळी बाटलीतल्या पाण्यात किती खोल बुडवली त्यावर. बुडबुडे दिसतायत म्हणजे चालू आहे, नर्सला लांबनं पण कळतं. श्वासाचा त्रास असलेल्या ज्या बाळांना नुसत्या ऑक्सिजनवर ठेवलं त्यांच्यातली ४४ टक्के जगली आणि ह्या यंत्रावरची ७१ टक्के. यंत्र असावं तर असं.

विटेकर

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण एक रोखठोक विचारतो, राग मानू नका. पैसा कुठनं आणायचा? गरीब देश म्हणजे तिजोरीच रिकामी. आणि फुकट दिलेल्या गोष्टीची लोकांना किंमत नसते हे मी धंद्यात वीस वर्षं बघतोय. दहा-वीस रुपये का होईना लावा, मग माणूस गोळ्या घरी नेऊन फेकणार नाही, दवाखान्याचा पण खर्च निघेल.

कोयनेची_लेक (पाटण)

विटेकर दादा, राग कशाला, हा प्रश्न सगळ्याच देशांत विचारला गेलाय आणि १९८०-९० च्या दशकात आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी दवाखान्यांना फी लावूनही बघितली. युगांडानं २००१ च्या मार्चमध्ये सरकारी दवाखान्यांतली फी बंद केली आणि पेशंटची रीघ लागली, त्यातही जास्त गरीब लोक. म्हणजे ते आजारी आधी पण होतेच, घरात पडून होते.

आणि फुकट म्हणजे किंमत नाही, ह्यावर केनियात थेट प्रयोग झालाय. गरोदर बायकांना मलेरियासाठी मच्छरदाण्या द्यायच्या होत्या. काही दवाखान्यांत फुकट दिल्या, काहींत थोडी थोडी किंमत लावली. फुकट होती तिथं जवळपास सगळ्या बायकांनी नेली, अमेरिकन ६० सेंट लावले तिथं शंभरातल्या साठ जणी कमी झाल्या. घरी जाऊन बघितलं तर फुकटवाल्या बायका विकत घेणाऱ्यांइतक्याच मच्छरदाणी बांधून झोपत होत्या. दादा, धंद्यातलं गिऱ्हाईक आणि तापानं फणफणलेल्या पोराची आई ह्यांत फरक आहे. आमच्या वाडीतल्या बाईला वीस रुपये जड नसतात, पण ते वीस रुपये नवऱ्याकडनं किंवा सासूकडनं मागून घ्यायला लागतात, आणि तिथं दोन दिवस जातात.

पैशाचं म्हणाल तर आफ्रिकेतल्या देशांनी २००१ साली नायजेरियातल्या अबुजाला शपथ घेतली होती की बजेटमधले १५ टक्के आरोग्याला देऊ, बहुतेकांनी ती पाळली नाही. आपणही २०१७ च्या धोरणात लिहिलं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. नेला नाही. त्यामुळं तिजोरी रिकामी आहे हे अर्धंच खरं आहे, तिजोरीतनं आधी काय काढायचं हे कोण ठरवतं तो खरा मुद्दा.

निवृत्त_सिस्टर

मुलांनो मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर होते, आधी जावळीत बामणोलीच्या बाजूला, नंतर खटावात. टायपिंग हळू आहे माझं, नातीनं मदत केलीय.

कोयना धरणाच्या पाण्यातनं लाँचनं पलीकडं जायचं, खांद्याला निळा व्हॅक्सिन कॅरिअर, धरणाचं पाणी कमी झालं की लाँच लांब लागायची आणि चिखलातनं चालत वर. लस सगळ्यांना माहीत आहे, पण ती गार ठेवणं हे काम किती नाजूक आहे ते लोकांना माहीत नाही. सगळ्यांना वाटतं उन्हानं खराब होते. उन्हानं होतेच, पण गोठल्यानं पण होते! धनुर्वाताची, पेंटाची (पाच रोगांवरची एकत्र), काविळीची लस गोठली की संपली. दोन ते आठ डिग्री, त्याच्या वर नाही आणि खाली पण नाही. आइसपॅक डीप फ्रीझरमधनं काढून तसेच कॅरिअरमध्ये घातले तर कडेच्या बाटल्या गोठतात. म्हणून आम्ही पॅक टेबलावर मांडून ठेवायचो, त्याला घाम सुटेपर्यंत, मग एकेक कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याचा खळखळ आवाज आला की तो पॅक भरायला तयार. सकाळी सहाला उठून चार पॅक कानाशी हलवत बसायचे मी, आमचे हे हसायचे. पण एक सुद्धा बाळ माझ्या हातनं खराब लस टोचून घरी गेलं नाही हे मी देवासमोर सांगू शकते.

नंतर बाटल्यांवर तो छोटा चौकोन आला, उष्णता लागली की आतला चौकोन काळपट होत जातो, बाहेरच्या गोलाएवढा गडद झाला की बाटली टाकायची. १९९६ ला पोलिओच्या बाटलीवर पहिल्यांदा आला तो. शिकलेल्या न शिकलेल्या कुणालाही कळतं. त्या एका चौकोनानं जगभरातल्या किती सिस्टरांचा जीव भांड्यात पडला असेल.

आता ज्या देशात लाईटच नाही तिथल्या बायका हे कसं करत असतील ह्याचा मी विचार करते. आमच्याकडं निदान संध्याकाळी कॅरिअर परत पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवता यायचा.

माणदेशी_मुलगा

सिस्टर दंडवत घ्या. एक विचारायचं होतं. आमच्या रानाजवळ ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या, कोप्या टाकून सहा महिने राहतात. त्यांची बारकी पोरं लसीकरणाला जात नाहीत, विचारलं तर म्हणतात आमचं कार्ड गावाकडं राहिलंय, हितं कोण देणार. देतात का?

निवृत्त_सिस्टर

देतात बाळा, कुठल्याही गावच्या सत्राला द्यायलाच पाहिजे. कार्ड नसलं तर नवीन करायचं, आईला विचारायचं, दंडावर बीसीजीचा वण आहे का बघायचा. तू एवढंच कर, तुमच्या गावच्या आशाताईला कोप्या कुठं आहेत ते दाखव आणि किती पोरं आहेत त्याची यादी दे. पहाटे पाचला टोळी फडात जाते, म्हणून संध्याकाळी परत आल्यावर जायला सांग.

डॉ_शिराळा

मी सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या बाजूला वैद्यकीय अधिकारी आहे. वेळ काढून लिहितोय कारण धागा मनापासून आवडला, पण कोयनेच्या ताईंच्या "आधी माणूस"ला मला थोडा विरोध नोंदवायचाय. माणूस आहे आणि औषध नाही, ही अवस्था काय असते ती मी भोगलीय.

आमच्याकडं सर्पदंश. पावसाळ्यात भातलावणीला, रात्री जमिनीवर झोपलेल्यांना. भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सापानं साधारण बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार. चावल्यावर द्यायची विषाच्या उताऱ्याची लस एकच, चार सापांवरची, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पावडरची बाटली, त्यात १० मिली पाणी घालून हळू फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. घाईत हात थरथरत असतात आणि बाटली मात्र सावकाशच फिरवायला लागते, पावडर विरघळेपर्यंतची ती मिनिटं तासासारखी वाटतात. सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतात आणि शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवायला लागतं, रिॲक्शन आली तर. नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका केंद्रात होतो, तिथं एकदा चारच बाटल्या शिल्लक होत्या. रात्री दीड वाजता एक बाई आणली, घोणस चावलेली, हिरड्यांतनं रक्त यायला लागलेलं. चार दिल्या, १०८ बोलावली, स्वतः गाडीत बसून गेलो. बाई वाचली, पण किडनीचं नुकसान झालं, पुढं बरेच डायलिसिस लागले. मी होतो, मला सगळं येत होतं, सहा बाटल्या नव्हत्या.

आफ्रिकेत ह्याहून वाईट झालंय. तिथल्या दहा जातींच्या सापांवर चालणारं एक चांगलं औषध होतं, ते परवडत नाही म्हणून कंपनीनं २०१४ ला बनवणंच थांबवलं, शेवटच्या बाटल्यांची मुदत २०१६ च्या जूनमध्ये संपली. आपली लस तिथं उपयोगाची नाही, साप वेगळे. गरिबाच्या आजारावरचं औषध बनवायला बाजार तयार नसतो, ते सरकारांनी मिळून आधी विकत घेऊन ठेवायला लागतं. म्हणून माझं म्हणणं माणूस आणि साठा, जोडीनंच. एकाला पुढं काढू नका.

कोयनेची_लेक (पाटण)

डॉक्टर साहेब, मान्य. मी पहिल्या पोस्टमध्ये "पिशवीत चार वस्तू" म्हटलं ते फार सहज म्हटलं होतं, तुमचं वाचून लक्षात आलं की खरी मारामारी त्या पिशवीचीच आहे. बदलते माझं वाक्य, माणूस आणि भरलेली पिशवी.

आता पगाराचं, जे मी वर राखून ठेवलं होतं. नेपाळात १९८८ पासनं गावोगावी महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, पन्नास हजारांच्या वर, स्वयंसेविका म्हणजे पगार नाही. वर्षातनं दोनदा पोरांना व्हिटॅमिन ए पाजण्याचं काम त्यांनी घरोघर पोचवलं. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण इथिओपियानं २००३ ला दुसरा रस्ता घेतला. दहावी झालेल्या गावातल्याच मुली, वर्षभराचं शिक्षण, प्रत्येक पाचेक हजार वस्तीला एक आरोग्य चौकी आणि त्यात दोघीजणी, सरकारी नोकर म्हणून, महिन्याचा पगार. तीस हजारांच्या वर मुली नेमल्या, आणि आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश आहे तो! १९९० पासून २०१२ पर्यंत तिथले पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू दोन तृतीयांशानं कमी झाले. सगळं श्रेय त्या मुलींचंच असं म्हणत नाही, रस्ते झाले, दुष्काळातली मदत सुधारली, पण त्या मुली नसत्या तर मच्छरदाणी, लस, निमोनियाचं औषध त्या डोंगरातल्या घरांपर्यंत कुणी नेलं असतं?

माझी आई ह्या दोन्हींच्या मधी लटकलेली आहे. तिला स्वयंसेविका म्हणतात आणि बराचसा मोबदला कामागणिक देतात. अमुक केलं की एवढे, तमुक केलं की तेवढे, सगळं फॉर्म भरून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ ला सरळ लिहिलंय की गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या भाराला शोभेल असा पगार द्या, आणि नुसत्या किंवा मुख्यतः अशा कामागणिक पैशांवर त्यांना ठेवू नका. त्याच संघटनेनं २०२२ ला भारतातल्या आशांना मोठा पुरस्कार दिला, आईनं ती बातमी कापून ठेवलीय. पण त्या श्रावणातल्या बाळाकडं ती आठ दिवस रोज गेली, त्यातल्या ठरलेल्या भेटी तेवढ्याच मोजल्या गेल्या. बाकीचे दिवस कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाहीत.

विटेकर

ताई, मच्छरदाणीचा मुद्दा पटला, फीचं माझं म्हणणं मागं घेतो. पण कामागणिक पैसे वाईटच असं नका म्हणू. नुसता पगार दिला की माणूस खुर्चीला चिकटतो हे आपण रोज बघतो.

मिरजवाला_मलावीत

विटेकर साहेब, ह्यावर बांगलादेशचं एक उदाहरण आहे, मला फार आवडतं. जुलाबाचं मीठ-साखर-पाणी म्हणजे ओआरएस, १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालातल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर पिंपात कालवून पाजलं, तिथले मृत्यू ३० टक्क्यांवरून साडेतीनच्या आसपास आले. मग प्रश्न आला, पुड्या घरोघर कशा पोचवायच्या. तर बांगलादेशातल्या ब्रॅक ह्या संस्थेनं १९८० ते ९० ह्या दहा वर्षांत एक कोटीवर घरांत बाया पाठवल्या, पुडी नाही, नुसतं शिकवायला. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी. आपल्या कऱ्हाड-सांगलीच्या घरात ह्यातलं काय नाही सांगा? आणि शिकवणाऱ्या बाईचे पैसे कशावर ठरायचे, तर किती घरं केली ह्यावर नाही, नंतर दुसरं माणूस काही घरांत जाऊन आईला विचारायचं की सांग बघू कसं बनवतात. तिला जेवढं आठवलं, तेवढे पैसे. म्हणजे तुमचा कामागणिक पैसा होता, पण फॉर्मवर नव्हता, आईच्या डोक्यात काय उरलं त्यावर होता. ते एका कामापुरतं चांगलं चाललं. पण ज्या बाईनं चोवीस तास गावाला पुरायचंय, रात्री बारा वाजता दार वाजलं तर उठायचंय, तिला महिन्याचा पगारच पाहिजे. इथं मलावीत गावपातळीवरचे कार्यकर्ते सरकारी पगारावर आहेत, मलेरियाची टेस्ट करतात, निमोनियाचं औषध देतात, २००८ पासून तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन पण तेच देतात. औषध संपलेलं असतं बऱ्याचदा, डॉक्टर साहेबांचंच दुखणं, पण माणूस तिथं असतो.

डॉ_शिराळा

ब्रॅकचं वाचून एक सांगतो. जुलाब झालेल्या मुलाला झिंक पण द्यायचं असतं, १४ दिवस, आणि ते जुलाब थांबल्या थांबल्या आया बंद करतात. आमच्या आशाताई चौदा काड्या देऊन येतात, रोज गोळी दिली की एक काडी डब्यात टाकायची. काड्या संपल्या की कोर्स संपला. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं, त्यांचं त्यांनी काढलं.

कोयनेची_लेक (पाटण)

काड्यांचं आईला सांगते डॉक्टर!! काल रात्री सगळा धागा तिला वाचून दाखवला. सिस्टरांच्या आइसपॅकला ती एकटीच मान हलवत होती. मग म्हणाली, त्या मलावीच्या दादाला विचार, माझा काटा बरोबर आहे का ते घरी कसं बघायचं, पाच वर्षं झाली तोच आहे.

मिरजवाला_मलावीत

सोपं आहे ताई. आधी रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आहे का बघा. मग दुकानातला साखरेचा न फोडलेला एक किलोचा पुडा झोळीत ठेवा. एक किलोवर थांबायला पाहिजे. मग दोन पुडे ठेवा. शून्यच चुकलेलं असेल तर वरच्या बाजूला बारीक स्क्रू असतो तो फिरवून आणता येतं. शून्य बरोबर असून एक किलोला वेगळंच दाखवत असेल तर स्प्रिंग गेली, नवीनच घ्यायला लागेल, गावच्या आरोग्य पोषण समितीच्या वर्षाच्या दहा हजारांतनं घेता येतो बघा, ग्रामसभेत मांडा.

कोयनेची_लेक (पाटण)

झोळी टांगली, काटा शून्याच्या खाली होता. एक किलोचा पुडा ठेवला तर ९०० दाखवत होता, दोन ठेवले तर १ किलो ९००. म्हणजे शंभर ग्रॅम कमी. आई दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली त्या श्रावणातल्या पोराला मी उगीच एवढी घाबरले होते की काय. मग स्वतःच म्हणाली, पाय गार होतेच की.

स्क्रू फिरवून शून्यावर आणला. आता पुडा बरोबर एक किलो भरतोय. ह्या आठवड्यात तिनं दोन बाळांची वजनं केली होती, एक खालच्या वाडीत आणि एक ओढ्यापलीकडं. सकाळी सातला निघणार आहे, दोन्ही परत करायला.